तुरुंगात उपचारात हयगय झाली तर दाद कुठे मागायची?

आतल्या माणसाला डॉक्टर निवडता येत नाही, मेडिकलमधून गोळीही आणता येत नाही. म्हणून त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारची. न्यायाधीन बंदी असो वा शिक्षा झालेला, राज्यघटनेचे कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, दोघांनाही लागू आहे. मात्र हयगय सिद्ध होते ती तारखा असलेल्या कागदांवर, आणि ते माणूस आजारी असतानाच जमवावे लागतात.

पहिला कागद म्हणजे तुरुंग अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज. त्रास कधीपासून, बाहेर कोणते औषध चालू होते, आता नेमके काय हवे, एवढे लिहा. जुन्या केसपेपरची झेरॉक्स जोडा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. कोणी टाळाटाळ केली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. मुलाखतीच्या खिडकीत तोंडी सांगितलेले पुढे कोणालाच आठवत नाही.

उत्तर आले नाही, किंवा ‘पोलीस एस्कॉर्ट मिळाला नाही’ हे ठरलेले उत्तर आले, तर खटला जिथे चालू आहे त्या कोर्टात अर्ज करा. कोर्ट वैद्यकीय अहवाल मागवू शकते, जे. जे. किंवा ससूनसारख्या रुग्णालयात तपासणीचा आदेश देऊ शकते. 2020 मध्ये तळोजा तुरुंगात असलेल्या, कंपवात झालेल्या स्टॅन स्वामी या वयोवृद्ध पाद्री-कार्यकर्त्याला पाणी पिण्याच्या स्ट्रॉ आणि सिपरसाठीही कोर्टात अर्ज करावा लागला होता. तेव्हा आपली मागणी किरकोळ आहे असे समजून गप्प बसू नका.

वकिलाचे पैसे नसतील तरी अडत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

नुकसानभरपाईसाठी मुख्य वाट म्हणजे उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 226 ची रिट याचिका, म्हणजे हक्क मोडल्याबद्दल सरकारविरुद्ध थेट अर्ज. निलाबती बेहेरा प्रकरणात (1993) सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या पत्रालाच याचिका मानले आणि मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख रुपये द्यायला लावले. पण हयगय झाली की नाही यावरच वाद असेल, तर उच्च न्यायालय दिवाणी दाव्याकडे बोट दाखवू शकते. सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. दाव्याची मुदत वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. काही दाव्यांत ती एकच वर्ष असते. ग्राहक आयोगाचा इथे सहसा उपयोग नाही, कारण सर्वांना मोफत मिळणारा उपचार सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानुसार ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही.

मानवी हक्क आयोगाकडे बंदी स्वतः किंवा त्याच्या वतीने कोणीही तक्रार करू शकतो. फी नाही, मराठी चालते. घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. तोच विषय कोर्टात प्रलंबित असेल तर आयोग तक्रार घेत नाही, म्हणून क्रम वकिलाशी बोलून ठरवा.

उपचाराची कागदपत्रे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास डॉक्टरांनी 72 तासांत द्यायची असतात. जिवाचा प्रश्न असेल तर माहिती अधिकाराच्या अर्जावर 48 तासांत उत्तर बंधनकारक आहे. अर्जात वरच तसे ठळक लिहा.

मृत्यू झालाच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 खाली दंडाधिकारी चौकशी होते आणि शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यावे लागते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण झाले का ते विचारा, अहवालाची प्रत मागा, आणि चौकशीला जाताना शिक्का मारलेले ते सगळे अर्ज बरोबर न्या.