हबलची दुरुस्ती आणि इंटेलसॅट ९०१ चं जीवदान, दोन्ही एकच नाही

उपग्रह अंतराळात दुरुस्त केला असं वाचलं की आपल्याला स्पेससूटमधला माणूसच दिसतो. हबल या अंतराळ दुर्बिणीच्या बाबतीत ते खरंय, १९९३ ते २००९ मध्ये अंतराळवीर पाच वेळा गेले, कॅमेरे बदलले, दिशा स्थिर ठेवायला लागणारे जायरो बदलले. पण हबल साधारण ५००-६०० किमीवर. पुण्यात गच्चीगच्चीवर ज्या डिश दिसतात त्या ज्या उपग्रहांकडे तोंड करून असतात ते ३५,७८६ किमीवर, म्हणजे भूस्थिर कक्षेत, आणि तिथे दुरुस्तीला आजवर एकही माणूस गेलेला नाही, अंतराळवीरांना नेणाऱ्या स्पेस शटल यानाची धाव तेवढी नव्हतीच.

घोळ होतो तो १९९२ मुळे. एन्डेव्हर या शटलमधल्या तिघा अंतराळवीरांनी इंटेलसॅट ६०३ हा उपग्रह चक्क हातांनी पकडला आणि नवी मोटर बसवली, म्हणून वाटतं माणसं भूस्थिर कक्षेत जाऊन आली. पण तो उपग्रह रॉकेटच्या बिघाडामुळे खालीच अडकला होता, मोटर बसल्यावर वर गेला तो एकटाच.

वर काम केलं ते रोबो यानानं. २५ फेब्रुवारी २०२० ला एमईव्ही-१ हे यान इंधन संपत आलेल्या इंटेलसॅट ९०१ या दळणवळण उपग्रहाला जाऊन चिकटलं, तेही त्याच्या इंजिनाच्या नॉझलमध्ये दांडा घालून, कारण २००१ च्या त्या उपग्रहाला कुणी येऊन धरेल असा विचार बनवताना केलेलाच नव्हता. आणि यात इंधन भरलं असं बऱ्याच जणांना वाटतं, ते चूक! एक थेंबही भरलं नाही, काही उघडलं नाही, काही बदललं नाही. स्कूटरचं पेट्रोल संपलं की मित्र मागून पाय लावून ढकलत नेतो ना, अगदी तसं, ढकलायचं आणि दिशा धरायचं काम एमईव्हीचं, सिग्नलचं काम जुन्याच उपग्रहाचं, असं २०२५ पर्यंत चाललं.

मला यातला खरा फरक माणूस की रोबो हा वाटतच नाही, फरक उपग्रहाच्या बनावटीचा आहे. हबलला धरायला कठडे होते, पार्ट काढता येतील असे बसवलेले होते, म्हणून माणसांना एवढं करता आलं. तशी सोय भूस्थिर उपग्रहांत दिली तर रोबोही पार्ट बदलेल, इंधन भरेल.

इस्रोनं १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्स या प्रयोगात दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडले याचा आनंद मोठा आहे, पण ते दोघं एकमेकांना जोडायलाच बनवलेले होते आणि साधारण ४७० किमीवर होते, इंटेलसॅट ९०१ सारख्या काहीच सोय नसलेल्या उपग्रहाला वर जाऊन धरणं हे त्याहून बरंच अवघड काम आहे.