स्लॉथ

स्लॉथ : मध्य व दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांत फांद्यांना उलटे लोंबकळत राहणारा, मुख्यतः पाने खाणारा सस्तन प्राणी. जुने संदर्भग्रंथ त्याला दंतहीन गणात घालतात. परंतु त्याला दाढा असतात, त्यांवर एनॅमल नसते व त्या आयुष्यभर वाढत राहतात. आता मुंगीखाऊंबरोबर त्याचा समावेश पायलोसा गणात होतो. तो अतिशय मंदगती आहे, हे सर्वश्रुत आहे.

हयात स्लॉथांच्या दोन प्रजाती आहेत : ब्रॅडिपस (त्रिअंगुली) व कोलोइपस (द्विअंगुली). मागच्या पायांना दोघांचीही तीनच बोटे असतात. भेद पुढच्या पायांत आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत मानेचे मणके सात असतात. ब्रॅडिपसमध्ये ते सामान्यतः आठ किंवा नऊ भरतात, तर कोलोइपसमध्ये पाच ते सात.

या दोहोंच्या नात्याविषयी मतभेद आहेत. शरीररचनेवर भर देणाऱ्या अभ्यासकांनी ब्रॅडिपसला इतर सर्व स्लॉथांपासून फार पूर्वी विलग झालेली शाखा मानले आणि कोलोइपसला मेगॅलोनिक्स हा विलुप्त महाकाय भूचर स्लॉथ व वेस्ट इंडीज बेटांवरील विलुप्त स्लॉथांच्या कुळात ठेवले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी, एकाने जीवाश्मांतील कोलॅजेन प्रथिनांच्या व दुसऱ्याने प्राचीन सूत्रकणिका (मायटोकाँड्रिया) डीएनएच्या आधारे, ही मांडणी जवळजवळ उलटी केली : ब्रॅडिपसचे नाते मेगॅथेरियम, मेगॅलोनिक्स इत्यादी विलुप्त भूचर स्लॉथांच्या गटाशी, कोलोइपसचे मायलोडॉन या दुसऱ्या विलुप्त भूचर स्लॉथशी, तर बेटांवरील स्लॉथांची शाखा या दोहोंपासून वेगळी. दोन निरनिराळे रेणू एकाच निष्कर्षाकडे नेत असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. ते मान्य केल्यास, दोन्ही प्रजातींचे पूर्वज सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत आणि उलटे लोंबकळण्याची सवय दोघांत स्वतंत्रपणे विकसित झाली असावी. बेटांवरील स्लॉथ मात्र बहुधा साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होते, म्हणजे मुख्य भूमीवरील महाकाय स्लॉथ नष्ट झाल्यानंतरही दीर्घकाळ.

वर्गीकरणातील जुन्या गोंधळाचा एक धागा भारतापर्यंत येतो. लांब नख्यांवरून जॉर्ज शॉ यांनी 1791 मध्ये आपल्याकडील अस्वलाला ब्रॅडिपस प्रजातीतच घातले होते. मेळघाट-ताडोबातील या अस्वलाचे ‘स्लॉथ बेअर’ हे नाव त्याचाच अवशेष होय.

उलट्या राहणीमुळे स्लॉथच्या अंगावरील केसांचा कल पोटाकडून पाठीकडे असतो, त्यामुळे पावसाचे पाणी निथळून जाते. ब्रॅडिपसच्या केसांवरील भेगांत ट्रायकोफायलस हे हिरवे शैवल वाढते आणि त्याच केसांत पतंगही राहतात. साधारण आठवड्यातून एकदा तो मलविसर्जनासाठी जमिनीवर उतरतो, आखूड शेपटीने खोडाच्या बुंध्याशी खळगा करतो व काम आटोपून पुन्हा वर चढतो. पतंगांच्या माद्या त्या विष्ठेत अंडी घालतात. पतंगांमुळे केसांतील नायट्रोजन वाढून शैवल फोफावते व स्लॉथ ते खातो, असे 2014 मध्ये सुचवण्यात आले. पतंग व शैवल यांचा संबंध पटण्याजोगा असला, तरी स्लॉथच्या आहारात शैवलाला महत्त्वाचे स्थान देणे घाईचे ठरेल.

हार्पी गरुड व जग्वार हे त्याचे प्रमुख नैसर्गिक शत्रू आहेत. पनामाच्या एस्कुदो दे वेराग्वास या छोट्या बेटावरील, प्रामुख्याने खारफुटीत आढळणाऱ्या खुज्या स्लॉथचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन 2001 मध्ये झाले. ती जाती अतिसंकटग्रस्त गणली जाते.