मे महिन्यातलं ओव्हरक्लॉकिंग

इंदूरच्या रामबागेत राहणारा माझा भाचा मे महिन्याच्या भर दुपारी ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करत, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवत, बसला होता. ‘लिनक्सवर एक कमांड मारा, एफपीएस दुप्पट!’ असा कुठलासा व्हिडिओ पाहिलेला. दोन तासांच्या खटाटोपानंतर गेममध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स, ७१ च्या ७४ झाल्या आणि पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला. ‘‘मामा, लिनक्स कमी पडतंय का?’’

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बिचारी फक्त दार उघडते. एएमडी कंपनीच्या कार्डांसाठी मशीन सुरू होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एक पॅरामीटर दिला, की एका साध्या फाइलमध्ये आकडे लिहून क्लॉक (चिपच्या ठोक्यांचा वेग) आणि व्होल्टेज बदलता येतं. कोअरकंट्रोल किंवा लॅक्टसारखे प्रोग्रॅम तेच स्लायडरने करतात. एनव्हिडियाचा मामला वेगळा, तिथे क्लॉक आणि वॉटची मर्यादा हाताशी येते, व्होल्टेज थेट नाही.

खरी गंमत चिपमध्ये आहे. भाच्याच्या एएमडी ६७०० एक्सटी कार्डाच्या चिपवर १,७२० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि प्रत्येकाचं गेट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. शून्याचा एक करायचा तर तो भरायचा, एकाचा शून्य करायचा तर रिकामा करायचा. अंगणात जमिनीवर एक उभी, नळकांड्यासारखी टाकी आहे आणि ती तळातून भरायची आहे असं समजा. ती दुप्पट उंचीपर्यंत भरायची, तर पाणी दुप्पट लागेल आणि ते सरासरी दुप्पट उंच चढवावंही लागेल, म्हणजे मेहनत चौपट. व्होल्टेजचं अगदी तसंच: खर्च त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा भरायचं, तिचा गुणाकार.

मग व्होल्टेज वाढवायचंच कशाला? २,५०० मेगाहर्ट्झला एका ठोक्याचा वेळ ०.४ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा १२ सेंटीमीटरच जातो. या वेळात सिग्नलला गेटांची अख्खी साखळी पार करायची असते. ठोके आणखी जवळ आणले, की मागे पडलेली गेटं भरतच नाहीत आणि उत्तर चुकतं. व्होल्टेज वाढवलं की ती लवकर भरतात. म्हणून दोन्ही ५ टक्के वाढवा: १.०५ चा घन, जवळजवळ १६ टक्के जास्त वीज. आणि चिपला मेमरीतून डेटाच वेळेवर मिळत नसेल, तर त्या ५ टक्क्यांतलेही पदरात थोडेच.

उलट क्लॉक तोच ठेवून नुसतं व्होल्टेज ५ टक्के उतरवलं, तर याच हिशेबाने १० टक्के वीज वाचते. ही सूट मिळते, कारण कारखाना कमजोर चिपसुद्धा चालावी असं व्होल्टेज ठरवतो आणि आपली चिप बऱ्याचदा त्याहून बरी निघते. ती किती बरी, हे चाचणीनेच कळतं, टोटक्याने नाही. आमच्याकडे एका दुकानात कॅबिनेटला लिंबू-मिरची टांगलेली पाहिली आहे. तिने हवेची जाळी तेवढी अडवली होती.

आम्ही चाचणीचाच मार्ग धरला. क्लॉक मूळ आकड्यावर ठेवून व्होल्टेज थोडं थोडं उतरवत गेलो. फ्रेम्स पुन्हा ७१, पण पंख्याचा आवाज बसला.

चाचणी मात्र रात्री करू नका. शब-ए-मालव्याच्या, म्हणजे माळव्यातल्या नावाजलेल्या रात्रीच्या, गार वाऱ्यात आमची पहिली सेटिंग तासभर टिकली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता, खोली तापलेली असताना, दहा मिनिटांत स्क्रीन काळी. रीबूट केल्यावर कार्ड आपोआप मूळ आकड्यांवर आलं, एवढं बरं. पुढची सेटिंग आम्ही खोलीतला कूलर बंद ठेवून तपासली.