ऑपरेशन दुर्बिणीने झालं, मग पिशवी कशाला?

(आमच्याकडे स्टोमा बॅग, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला लावायची मलाची पिशवी, घेणाऱ्या कुटुंबांसाठी)

गुदाशयाची कॅन्सरची गाठ काढल्यावर पहिल्यांदा बॅग न्यायला येणारे नातेवाईक बहुधा हाच प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण पिशवीचा संबंध पोटावरच्या छेदाशी नसतो. गाठ गुदद्वाराच्या किती जवळ आहे आणि तिथल्या स्नायूपर्यंत पोचली आहे का, यावर ते ठरतं. आतडं जोडता आलं तरी खालचा जोड भरून येईपर्यंत मल तिकडे जाऊ नये, म्हणून सर्जन बरेचदा लहान आतड्याचं तोंड (स्टोमा) पोटावर काढून ठेवतात. ही पिशवी सहसा काही महिन्यांची असते. गुदद्वारच काढावं लागलं, तर मात्र ती कायमची.

दुर्बिणीने दुखणं कमी होतं, रक्त कमी जातं, पेशंट लवकर हिंडूफिरू लागतो. आणि कॅन्सर उलटण्याचं काय? आठ देशांतल्या १०४४ पेशंटवर झालेल्या ‘कलर-२’ चाचणीत तीन वर्षांत ओटीपोटात त्याच जागी गाठ परत येण्याचं प्रमाण दुर्बीण आणि पोट उघडून केलेलं ऑपरेशन, दोन्हींत ५ टक्के निघालं. हे निकाल २०१५ चे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांत, काढलेला भाग तपासल्यावर, दुर्बीण तितकीच चांगली आहे असं सिद्ध होऊ शकलं नाही. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून आम्ही सांगतो, यंत्रापेक्षा सर्जनचा अनुभव बघा. रोबोटलाही हेच लागू. बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट आला की काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे तिथे कॅन्सर नाही ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता बॅगेचं. सुरुवातीला स्टोमा सुजलेला असतो, सहा ते आठ आठवड्यांत आकसतो. जुन्याच मापाने प्लेट (बॅगेचा कातडीला चिकटणारा भाग) कापत राहिलं तर मधल्या उघड्या कातडीवर पातळ मल साचतो आणि कातडी सोलवटते. दर वेळी मोजा, भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा. लहान आतड्याच्या स्टोमातून पाण्यासारखा मल सारखा येऊ लागला, लघवी कमी झाली, चक्कर आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा. अंगातलं पाणी आणि मीठ फार झपाट्याने उतरतं.

पहिले दोन महिने आमच्याकडून एका मापाचा मोठा साठा घेऊ नका, लागेल तसं न्या.