यंत्राशी डाव मांडताना कागदावर काय लिहायचे?

सेकंदाला पटावरच्या २० कोटी स्थिती तपासणाऱ्या बुद्धिबळाच्या यंत्रासमोर माणसाला बसवायचे, हाच मुळात अन्याय नाही का? मे १९९७ मध्ये न्यू यॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला ३.५-२.५ असे हरवले, तेव्हापासून हे विचारले जाते. पण वेग ही तर यंत्राची ताकदच. ती काढून घेतली तर लढत उरतेच कुठे? बुद्धिबळाच्या लढतीत खरी मेख असते करारात. कोणी कोणाचे डाव आधी पाहिलेत, दोन डावांच्या मध्ये काय बदलता येते, यंत्राने चाल कशी निवडली याच्या नोंदी कोणाला आणि कधी दिसतात, या गोष्टी तिथे ठरतात.

१९९७ च्या सामन्यात पारडे इथेच झुकले. कास्पारोव्हचे वर्षानुवर्षांचे डाव डीप ब्लूच्या चमूला खुले होते. फिलाडेल्फियात १९९६ मध्ये ज्या यंत्राला त्याने ४-२ हरवले होते, त्याची आता पुष्कळ सुधारणा झाली होती आणि या नव्या यंत्राचा एकही डाव त्याला अभ्यासाला मिळाला नव्हता. शिवाय दोन डावांच्या मध्ये प्रोग्रॅममध्ये फेरफार करायला नियमांची मुभा होती. म्हणजे पहिल्या डावात ओळखलेला प्रतिस्पर्धी दुसऱ्या डावात तोच असेल याची खात्री नाही.

सहावा डाव बारकाईने पाहण्यासारखा आहे. काळ्या मोहऱ्यांनी कॅरो-कान नावाची सुरुवात खेळताना कास्पारोव्हने सातव्या चालीला एच-स्तंभातले प्यादे एक घर पुढे ढकलले. डीप ब्लूने लगेच ई६ वरचे प्यादे मारून घोड्याचा बळी दिला. काळ्या राजाला किल्लेकोट करता येईना, मोहरी अडकली आणि १९ चालींत डाव संपला. त्या काळचे प्रोग्रॅम असा बळी सहसा देत नसत, कारण घोडा गेल्याचा तोटा त्यांना लगेच दिसे, पण मिळणारा फायदा बऱ्याच चालींनंतरचा असे. मग डीप ब्लूला ही चाल कशी सापडली? ती त्याच्या ओपनिंग बुकमध्ये होती. हे बुक म्हणजे माणसांनी आधी भरून ठेवलेल्या सुरुवातीच्या चालींचा साठा. ही चाल त्याच दिवशी सकाळी भरली होती, असे चमूतले ग्रँडमास्टर मिगेल इयेस्कास यांनी पुढे सांगितले. यात नियमभंग नव्हता. पण त्या क्षणी कास्पारोव्हसमोर गणना करणारे यंत्र नव्हते, ग्रँडमास्टरांची सकाळची तयारी होती, आणि समोरच्याला ते कळायचा मार्ग नव्हता.

दुसऱ्या डावाने तर संशयच पेरला. यंत्राची शांत, माणसासारखी चाल पाहून कास्पारोव्ह हादरला आणि त्याने डाव सोडला. सततच्या शहाच्या जोरावर बरोबरी हाती होती, हे नंतरच्या विश्लेषणात दिसले. नोंदी त्याच वेळी तटस्थ पंचांसमोर खुल्या झाल्या असत्या, तर हा संशय वाढलाच नसता. आयबीएमने त्या इंटरनेटवर ठेवल्या, पण सामना आटोपल्यावर. परतीचा सामना तर झालाच नाही.

हा धडा पुढच्या करारांत उतरला. नोव्हेंबर २००६ मध्ये बॉनला तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमशी सहा डाव खेळला, तेव्हा प्रोग्रॅमची प्रत त्याला आधीच दिली होती. सामन्यादरम्यान ओपनिंग बुकमधल्या मोजक्या भरीखेरीज बदलाला बंदी होती. फ्रिट्झ बुकमधून खेळत असेपर्यंत त्याच्या पडद्यावर काय दिसते तेही क्रामनिकला पाहता येई. माझ्या मते हा सर्वांत नीट विचार केलेला करार.

तरीही क्रामनिक २-४ हरला. दुसऱ्या डावात स्थिती समान असताना ३४ व्या चालीला त्याने वजीर ई३ वर नेला. फ्रिट्झचा घोडा एफ८ वर होता, म्हणजे एच७ च्या घरावर त्याचा जोर होता. फ्रिट्झचा पांढरा वजीर तिथे उतरला आणि मात झाली. एका चालीतली मात जगज्जेत्याच्या नजरेतून सुटली! फ्रिट्झ सेकंदाला सुमारे ८० लाख स्थितीच तपासत होता, म्हणजे डीप ब्लूच्या पंचविसाव्या हिश्शाएवढ्या. पण यंत्राची नजर चौथ्या तासालाही पहिल्या मिनिटाइतकीच ताजी असते. माणूस थकतो, आणि थकव्यावर करारात कलम घालता येत नाही.

आता बरोबरीच्या मोहऱ्यांनी लढत उरलेली नाही, म्हणून यंत्राकडून सूट घेतली जाते. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा कोमोडो या प्रोग्रॅमशी चार डाव खेळला. पहिल्या दोन डावांत यंत्र एफ-स्तंभातल्या प्याद्याविना खेळले, तिसऱ्यात त्याने हत्ती देऊन त्याच्या बदल्यात हलके मोहरे (घोडा किंवा उंट) घेतल्याइतकी सूट दिली. तिन्ही डाव बरोबरीत सुटले. चौथ्यात मोहरी पूर्ण होती, फक्त नाकामुराला सुरुवातीच्या चार चाली आगाऊ दिल्या होत्या. तो डाव कोमोडोने जिंकला. प्याद्याची उणीव यंत्राला डावभर सोसावी लागते. आगाऊ मिळालेल्या चालींची आघाडी मात्र अचूक बचावापुढे हळूहळू विरून जाते.