लागणं, येणं आणि उतरवणं

खाटेला बांधलेली मुलगी, तिच्या तोंडून बोलणारा परका आवाज आणि मंत्र म्हणणारा पाद्री हा साचा 1973च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ सिनेमाने पक्का केला. त्यामागे 1949 साली अमेरिकेत एका मुलावर झालेल्या विधींची हकिकत होती. कादंबरीत आणि पडद्यावर मुलाची मुलगी झाली.

तो प्रकार मराठवाड्यात समजावून सांगायचा तर पहिल्यांदा शब्द अडतो. आपल्याकडे ‘अंगात येणं’ वेगळं आणि ‘लागणं’ वेगळं. अंगात देवी येते. तिला कुणी हाकलत नाही, ओटी भरतात, कौल मागतात. लागतं ते ‘बाहेरचं’, आणि ते उतरवायचं असतं. घुमणारी बाई मात्र दोन्हीकडे सारखीच घुमते. हे देवीचं की बाहेरचं, ते देवऋषी ठरवतो, आणि बाईच्या वाट्याला खण-नारळ येणार की मिरचीची धुरी, हे त्याच्या एका शब्दावर असतं. हल्ली सिनेमावर लिहिताना दोन्हीला ‘अंगात येणं’ म्हणून मोकळं होतात, त्यात हा फरकच बुजतो.

पैठणच्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकातच हे शब्द उलटे फिरवले होते. त्यांच्या भारुडात देवऋषी येतो, लिंबू-नारळ-कोंबड्याचा उतारा होतो, आणि उतरवूनही न उतरणारं ते भूत शेवटी देवच निघतं. बाधा उतरवायला नेतात ते दत्ताचं गाणगापूर आज कर्नाटकात असलं तरी 1956पर्यंत मराठवाड्यासारखंच हैदराबाद राज्यात होतं. बाधा झालेल्यांना आजही इथून तिकडे नेतात.

खरा वाद कायद्याचा. महाराष्ट्रातलं वर्षानुवर्षं रखडलेलं जादूटोणाविरोधी विधेयक नरेंद्र दाभोलकरांच्या 20 ऑगस्ट 2013च्या पुण्यातल्या हत्येनंतर आधी वटहुकूम म्हणून आणि डिसेंबरात कायदा म्हणून आलं. त्याच्या अनुसूचीत 12 कलमं आहेत आणि पहिलंच भुताचं: भूत उतरवण्याच्या बहाण्याने साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, छताला टांगणं. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. भूत असतं की नसतं, यावर कायदा बोलत नाही. श्रद्धा कोणती आणि अंधश्रद्धा कोणती, याची व्याख्याही करत नाही. कुणाला हा कचखाऊपणा वाटला, कुणाला तरीही धर्मावरचा घाला. माझ्या मते हाच निर्णय शहाणपणाचा होता. ‘मी तिला नाही, तिच्यातल्या भुताला मारतोय’ ही मारणाऱ्याची जुनी ढाल. भुताच्या असण्या-नसण्यावर वाद घालत बसलं असतं तर ती ढाल शाबूत राहिली असती. कायदा फक्त वळ कुणाच्या पाठीवर उठले ते बघतो.

तरी ‘बहाण्याने’ हा शब्द मला खटकतो. चाबूक उगारणारा पुष्कळदा बहाणा करत नसतो, त्याचा भुतावर मनापासून विश्वास असतो. सुनेला धरून बसलेल्या सासूचाही असतो. साखळीपुरता हा प्रश्न 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने मिटवला: मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवता येत नाही. तिथे बहाणा सिद्ध करायची गरज नाही.