साप जेवत नाही: उपास की दुखणं?

बॉल पायथन पाळणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. रात्री ठेवलेला उंदीर सकाळी तसाच पडलेला. आठवडा जातो, पंधरवडा जातो, मग महिना. आमच्या खारकेनं (खारीक हे आमच्या सापाचं नाव) इथं इंग्लंडात पहिल्याच नोव्हेंबरात तोंड फिरवलं, तेव्हा मी घाबरून साताऱ्याला आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "अगं, उपास धरला असेल तिनं. आजारी असती तर अंगावर दिसलं असतं." आजीनं आयुष्यात साप पाळलेला नाही, पण पाहायचं कुठे ते तिनं बरोबर सांगितलं.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दबा धरून शिकार करणारा. अंग ऊबदार ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही. त्यामुळे धडधाकट मोठा साप जेवणाशिवाय काही महिने सहज काढतो. थंडीत आणि मीलनाच्या काळात हे हमखास होतं. नव्या घरी आणलेला सापही बुजून खात नाही. कात टाकायच्या आधी तर बघायलाच नको: अंगाचा रंग विटतो, डोळ्यांवर निळसर दुधाळ पडदा चढतो, मग डोळे निवळतात आणि काही दिवसांनी कात उतरते. उपासातला साप रात्री हिंडतो, पाणी पितो, जीभ लवलवत असते, हातात घेतला की विळख्यात जोर लागतो.

आणि त्याचं वजन फारसं हलत नाही. खारीक ऑक्टोबरात १४८० ग्रॅम होती, जानेवारीच्या अखेरीला १४३५. तीन महिन्यांत ४५ ग्रॅम. मी दिवस मोजत रडकुंडीला आले होते. खरा धीर दिला तो स्वयंपाकघरातल्या काट्यानं. दहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, पाठीचा कणा वर येऊन अंग कौलारू छपरासारखं दिसू लागलं, तर त्याला उपास म्हणू नका.

दुखण्याच्या खुणा वेगळ्या असतात. साप तोंड उघडून, मान वर धरून श्वास घेतो. कान जवळ नेला तर घरघर किंवा बारीक शिट्टी ऐकू येते. नाकातोंडाशी बुडबुडे, चिकट लाळ. हिरड्या लाल, कडेला पिवळट पू. किंवा खाल्लेलं ओकून टाकणं. यातलं एक जरी दिसलं तरी सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा, मग शेवटचं जेवण कालचं का असेना.

पण सगळ्यात जास्त फसवते ती पेटीतली ऊब. गरम कोपरा ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २५ ते २७ हवी. माझा थर्मामीटर काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला होता आणि तो ३१ दाखवायचा. एकदा जमिनीलगत मोजलं तर २६ भरलं! पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून साप खातच नाही. असं बराच काळ चाललं की छातीत संसर्ग होतो, आणि उपास म्हणून सोडून दिलेलं खरंच दुखणं होऊन बसतं. मला आजही वाईट वाटतं ते याचंच.

ऊब नीट असेल तर फ्रीजरमधला उंदीर पूर्ण वितळवून गरम पाण्यात ३८ अंशांच्या आसपास आणा. या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात; गार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. नाही घेतला तर दहा-चौदा दिवस पुन्हा दाखवू नका. जिवंत उंदीर आत सोडून झोपू नका, तो सापालाच कुरतडतो. घशात अन्न कोंबायचं तर डॉक्टरांनीच.

भारतातल्या वाचकांसाठी: आपले नाग, धामण, अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पंचमीला टोपलीतला नाग दूध पितो तो तहानेनं. दूध त्याचं अन्नच नाही.

महिन्यांचा हिशेब पिल्लांना लावू नका. त्यांच्या अंगात साठा नसतो, म्हणून काही आठवडे पोट रिकामं राहिलं तरी डॉक्टरांना दाखवा. जाताना वजनाची वही, दोन्ही बाजूंचं तापमान आणि शेवटच्या कातीची तारीख बरोबर न्या. डॉक्टर आधी तेच विचारतात.